खडकवासल्याचे स्वयंचलित पूरदरवाजे

पुण्याजवळील मुठा नदीवरच्या खडकवासला धरणाच्या सांडव्यावर १९०३ साली बसवलेली, पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडझाप करणारी दरवाजांची यंत्रणा. रचनाकार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले.

हे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले. त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पावसाळ्यात पाणी सांडव्याच्या माथ्यावरून सहा ते आठ फूट चढून वाहून जाई. भिंत न वाढवता हेच पाणी अडवण्यासाठी माथ्यावर दरवाजे बसवण्यात आले. पाणी पूर्वीच्या कमाल पूरपातळीवर गेले की ते उघडत, आवक थांबून पातळी उतरली की मिटत. चालवायला माणूस लागत नसे. त्यामुळे साठा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला.

विश्वेश्वरय्यांनी या रचनेचे पेटंट घेतले, मात्र सरकारी सेवेत केलेले काम म्हणून स्वामित्वधन नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळील तिग्रा आणि म्हैसूरजवळील कृष्णराजसागर या धरणांवर ही पद्धत वापरली गेली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या लोंढ्याने खडकवासला धरणही फुटले. नंतर ते पुन्हा बांधण्यात आले. १९१६ साली स्थापन झालेली आणि आज खडकवासल्यात असलेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था प्रतिकृतींच्या साहाय्याने देशभरातील धरणे व सांडव्यांची चाचणी घेते.