पिढीचा आकडा आणि हातातला फोन

नवा मोबाइल घ्यावयास आपण जातो, तेव्हा खोक्यावर ‘४जी’, ‘५जी’ अशी अक्षरे दिसतात. ‘जी’ म्हणजे पिढी. आकडा मोठा तितका वेग अधिक, एवढाच अर्थ आपण त्यातून काढतो. परंतु इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की, पिढी म्हणजे केवळ वेग नव्हे. फोन आणि टॉवर यांच्यात ठरलेली ती एक भाषा आहे. आणि भाषा जन्मतात, तशा मरतातही.

पहिली पिढी १९७९ साली टोकिओत सुरू झाली. दुसरी १९९१ साली फिनलंडमध्ये आली; तिने आवाजाचे अंकांत रूपांतर केले. आपल्याकडे श्रीगणेशा झाला तो या दुसरीनेच. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. तिसरी पिढी २००१ साली जपानात अवतरली व इंटरनेटला वेग आला.

खरा पालट झाला तो चौथ्या पिढीत. स्टॉकहोम व ऑस्लो येथे २००९ साली ती सुरू झाली. पूर्वी प्रत्येक संभाषणासाठी वाट राखून ठेवीत. आता ती राखीव वाट गेली; चित्र असो की पत्र, सारे पुडकी बांधून एकाच रस्त्याने जाऊ लागले. आवाजही तसाच नेण्याच्या सोयीला ‘व्होल्टे’ म्हणतात. ती नसलेला ४जी फोन बोलण्यापुरता जुन्या पिढीचा आसरा घेतो. २०१६ साली भारतात जिओचे जाळे निव्वळ चौथ्या पिढीचे आले, तेव्हा अशा फोनांना त्यावरून थेट बोलता येईना.

याहून गंभीर प्रसंग ऑस्ट्रेलियात आला. तेथे ऑक्टोबर २०२४ अखेरीस तिसरी पिढी बंद होऊ लागली. काही फोन एरवी ४जीवरून बोलत. पण संकटकाळचा ००० हा क्रमांक मात्र ३जीवरूनच लावीत. असे फोन जाळ्याबाहेर काढणे कंपन्यांना भाग पडले. फोन धडधाकट होता. त्याची भाषा समजणारे कोणी उरले नव्हते.

भारतात पाचवी पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजी आली. म्हणून फोन घेताना, विशेषतः जुना किंवा परदेशातून आणलेला, आपण आकड्यावर थांबू नये. व्होल्टे आहे काय, आपल्या कंपनीच्या लहरी तो पकडतो काय, हे विचारावे. आपले सिमकार्ड घालून दुकानातच एक फोन लावून पाहावा. फोनचे पहिले काम हाक पोहोचविणे हेच आहे.