मोरीतला तांब्याभर इतिहास

इतिहास म्हटला की आम्हां नगरकरांची छाती फुगते. (शहर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं, छाती तीच.) निजामशाहीत खापरी नळांनी गावात पाणी खेळवलं होतं, हे आम्ही पाहुण्याला पहिल्याच चहाबरोबर ऐकवतो. आलेलं पाणी जायचं कुठून, हे मात्र कुणी विचारू नये. मला ते विचारलं भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या यंत्राने.

हे यंत्र सिंकखाली बसून खरकटं दळतं. रॅसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुशिल्पज्ञाने ते १९२७ साली शोधलं. "गाईला घालायचं सोडून दळायचं कशाला?" हा आमच्या हिचा प्रश्न त्याला कुणी विचारलेला दिसत नाही.

प्लंबर आला, वाकला आणि हसला. "काका, ह्याचं तोंड भितीतल्या पाइपाच्या खाली आलंय. पाणी काय डोंगर चढणार व्हय?"

मग त्याने वाकडी नळी दाखवली. ट्रॅप! लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली संडासाखालच्या नळीला असाच बाक देऊन पेटंट घेतलं. बाकात थोडं पाणी अडतं आणि गटाराची घाण हवा वर येत नाही. म्हणजे पाण्याचंच कुलूप!

"आन् मोरीत हाये तो नहाणी ट्रॅप," प्लंबर म्हणाला. मला वाटलं, हा त्याचा गावठी शब्द. पण आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तो 'नहाणी ट्रॅप'च आहे! आमच्या आजीची न्हाणी थेट साहेबाच्या भाषेत जाऊन बसली आणि आम्हांला पत्ता नाही.

"घर बंद ठिवलं की उन्हाळ्यात ह्यातलं पाणी सुकतं. मग वास सुटतो," तो म्हणाला, आणि मी गप्प झालो.

१९७२चा दुष्काळ. गावाला निघताना आई मोरीत तांब्याभर पाणी ओतायची. मी नुकताच शहाणा झालेला. म्हणालो, "लोक घोटभर पाण्याला महाग झालेत आणि तू मोरीला पाजतेस?" आई काही बोलली नाही. त्यानंतर ती गावाला जायच्या दिवशी आंघोळीतलाच एक तांब्या कमी घ्यायची आणि तो मोरीसाठी ठेवायची. ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी 'राहू दे' म्हटलं नाही.

यंत्र खोक्यात परत गेलं. परवा आठ दिवसांसाठी निघालो. रिक्षात बसलो, उतरलो, कुलूप काढलं आणि मोरीत तांब्या ओतून आलो.

"अहो, काय राहिलं होतं?" हिने विचारलं.

"तांब्याभर पाणी," मी म्हटलं. "बहात्तर सालचं."