पेनरोज पितापुत्र आणि हातावरचे दोष

ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ लायोनेल पेनरोज डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या हातांवरील सूक्ष्म रेषा अभ्यासत असत. १९६५ मध्ये त्यांनी नियम मांडला : बोटे धरून संपूर्ण हातावर, तीन बाजूंच्या रेषा भेटतात असे बिंदू वळशांपेक्षा चारने अधिक असतात. (चक्र म्हणजे दोन वळसे.) रेषा कशाही वाकोत, हिशेब मोडत नाही. रेषांच्या शिस्तीतला असा दोष एका जागी पुसताच येत नाही. तो साऱ्या हाताचा असतो. द्रवस्फटिकांतील रेणूंच्या रांगांतही हेच दोन दोष दिसतात. लायोनेल १९७२ मध्ये वारले. वडिलांच्या या नियमावर १९७९ मध्ये टोपोलॉजीच्या अंगाने लिहिले ते पुत्र रॉजर यांनी, कृष्णविवरांचे गणित मांडणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने! पुढे २०१७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरात आढळले, की वळशासारख्या दोषापाशी पेशी मरतात आणि थराबाहेर ढकलल्या जातात.