तात्पर्य विचारू नका: मराठी मुलांच्या पुस्तकांत हसू कसं आलं

आजचा भाग एका प्रश्नावर आहे, जो मला वरचेवर विचारला जातो. "मुलांना वाचून दाखवायला मराठीत मायेची, गमतीची गोष्टींची पुस्तकं सांगा ना." नावं सांगणारच आहे, वही-पेन जवळ ठेवा. पण आपलं पॉडकास्ट इतिहासाचं, त्यामुळे जरा वळसा घेऊन जाऊ. कारण हा प्रश्न विचारणारे बरेचदा लगेच पुढचं वाक्य जोडतात: "म्हणजे त्यातून काहीतरी शिकायलाही मिळालं पाहिजे हं." हे दुसरं वाक्य कुठून आलं, ते कळलं की पुस्तकं निवडणं फार सोपं होतं.

सुरुवात छापखान्याच्या आधीपासून करू. घराघरांत गोष्टी होत्याच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. लेकीकडून खाऊन-पिऊन गुटगुटीत होऊन, भोपळ्यात बसून जंगलातून परत येणारी म्हातारी. या गोष्टींत वाघ फसतो, कावळा भिजतो, पोरं खदाखदा हसतात आणि झोपतात. शेवटी कोणी "यावरून काय बोध घ्याल?" असं विचारत नाही. म्हातारीच्या गोष्टीचं तात्पर्य काय सांगणार? भोपळे मोठे पिकवा?

मग छपाई आली. मराठीतली पहिली काही छापील पुस्तकं निघाली तंजावरला. सरफोजीराजे भोसल्यांनी तिथे छापखाना काढला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टी मराठीत करून घेतल्या होत्या. इकडे मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळात शाळांसाठी पुस्तकं तयार करणारी मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे होते. १८२८ मध्ये त्यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तकं आली. 'बाळमित्र' म्हणजे बर्क्विन नावाच्या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाचं, इंग्रजीमार्गे आलेलं मराठी रूप. त्यानंतर १८३० मध्ये छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' दिली.

आता बघा, हे काम थोरच होतं. मराठी गद्यच तेव्हा नीट बसायचं होतं, त्यात मुलांसाठी लिहायचं म्हणजे वाटच नव्हती. पण पुस्तकं कोणासाठी छापली जात होती? शाळांसाठी. खर्च करणारे कोण? सरकार, शाळाखातं, नंतर मिशन. मूल स्वतः पुस्तक विकत घेत नव्हतं, आई-वडीलही फारसे घेत नव्हते. ज्याचा पैसा त्याची अपेक्षा. गोष्टीनं मुलाला सुधारलं पाहिजे, ही अट पुस्तकाच्या जन्मापासून अशी चिकटली. पंचतंत्रातही नीती आहेच, तिथेही विष्णुशर्मा राजाच्या मठ्ठ पोरांना शहाणं करायलाच बसलाय. पण पंचतंत्रातल्या नीतीत लबाडी आहे, खोड्या आहेत. शाळेच्या पुस्तकात त्यातलं बोधाचं बोट तेवढं उरलं.

मासिकांची नावंच बघा. १८७३ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं काढलं 'बालबोधमेवा'. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी काढलं 'बालबोध'. ओक तर एकहाती चमत्कार. १९१४ मध्ये वारले, तोवर तीसहून जास्त वर्षं त्यांनी ते मासिक चालवलं. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती, असा त्याचा ठरलेला शिधा. कित्येक घरांतल्या मुलांना जगाची पहिली ओळख त्यातून झाली. पण नावात बोध, आत बोध.

१९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी मुलांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव 'आनंद'. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. पुढे 'खेळगडी' नावाचंही मासिक आलं. बोध, मेवा, मग आनंद, मग खेळगडी. मासिकाच्या नावापुरतं का होईना, मोठं माणूस मुलाच्या शेजारी येऊन बसायला लागलं. आपट्यांनी बोध सोडला असं नाही. पण आनंद ही मुलाला द्यायची गोष्ट आहे, हे त्यांनी पाटीवरच लिहून टाकलं.

इथून पुढे नावं लिहून घ्या.

पहिलं, ना. धों. ताम्हनकरांची 'गोट्या' आणि 'चिंगी'. गोट्या हा अनाथ मुलगा दुसऱ्यांच्या घरात येतो आणि त्या घरचाच होऊन जातो. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना दूरदर्शनवरची मालिका आठवत असेल. मायेची आणि गमतीची अशी दोन्ही पुस्तकं हवी असतील तर गोट्यासारखं दुसरं नाही. कारण पोरकं मूल ही रडवायची हमखास जागा, आणि ताम्हनकर तिथे हसवतात. आपल्याला गोट्याची कीव येत नाही, त्याच्याशी दोस्ती होते. आणि 'चिंगी' तर आवर्जून घ्या. खोड्या करण्याचा हक्क आपल्या पुस्तकांत बहुतेक वेळा मुलग्यांना मिळालाय. चिंगीनं तो त्या काळात घेऊन टाकलाय. भाषा जुनी आहे, मध्येच एखादा शब्द अडेल. अडू द्या. "म्हणजे काय गं?" असं मुलानं विचारणं हाही एकत्र वाचण्याचाच भाग आहे.

दुसरं नाव ऐकून तुम्ही म्हणाल, हे गमतीचं कुठे? 'श्यामची आई'. साने गुरुजींनी त्याचा बराचसा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. १९३५ मध्ये पुस्तक आलं. आपण ते रडण्यासाठी राखून ठेवलंय. पण त्याची रचना बघा. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. रोज रात्री माणसं जमतात आणि श्याम आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच मोठ्यानं सांगण्यासाठी बांधलेलं आहे. आणि त्यातला श्याम आदर्श बाळ मुळीच नाही. पोहायला जायला लागू नये म्हणून तो लपून बसतो, आईच्या हातचा मार खातो, मग रडत-भेकत विहिरीवर जातो. आज तो मार वाचताना मुलं थांबवतात, "आई असं मारते?" विचारतात. त्यावर बोला. संपूर्ण पुस्तक एका दमात वाचायची गरज नाही. एक रात्र, एक गोष्ट. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण श्यामच्या भित्रेपणावर हसायलाही मोकळीक द्या.

तिसरं, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. भागवतांनी १९५० च्या दशकात मुलांसाठी मासिक चालवलं, नाव 'बालमित्र'. बापू छत्र्यांच्या 'बाळमित्र'शी नावाचं नातं आहे, पण आतला मित्र पार बदललाय. छत्र्यांचा मित्र उपदेश करायचा, भागवतांचा मित्र सायकल हाणतो. बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला काटकुळा पोरगा, बोलता बोलता 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. शौर्य आहे, चोर आहेत, पाठलाग आहेत, पण गंमत भाषेत आहे. कितीतरी घरांत आजोबा, बाबा आणि नात अशा तिघांनीही तो वाचलाय, आणि २०१७ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. आठ-नऊ वर्षांच्या, "मला कंटाळा आलाय" म्हणणाऱ्या मुलासाठी हे औषध.

चौथं, दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. हा तर आपल्या माध्यमातला भाऊ. बोक्या मुळात आकाशवाणीसाठी लिहिला गेला, पुस्तकं मागाहून झाली, २००९ मध्ये सिनेमा आला. कानासाठी लिहिलेलं असल्यानं वाचून दाखवायला फार सोपं जातं. बोक्या लोकांना मदत करायला जातो आणि त्यातून भानगडी होतात. गंमत अशी की चांगुलपणा इथेही आहे, पण तो शेवटी चिकटवलेला नाही. गोंधळाच्या पोटातच आहे.

आता एक कबुली. मघापासून सांगितलेली घरं बघा. जवळपास सगळी पांढरपेशी, बहुतेक पुण्या-मुंबईच्या वळणाची. मराठी मुलांच्या पुस्तकांतलं हसू बराच काळ याच ओसरीवर खेळलं. शेतात, वाडीवर, पालावर वाढणारी पोरं काही कमी हसत नव्हती, पण त्यांचं हसू छापायला उशीर झाला. म्हणून दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलांसाठी मी एक पाचवं नाव घालतो, जे मुलांच्या कपाटात सापडणार नाही: द. मा. मिरासदार. 'व्यंकूची शिकवणी', 'भुताचा जन्म' या कथा मोठ्यांसाठी लिहिलेल्या, पण मुलं त्यांवर तुटून पडतात. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव जाऊन कथाकथन करायचे. मंडपात आज्या असायच्या, मांडीवर पोरं असायची आणि सगळे एकाच जागी हसायचे. वाचून दाखवताना जमतील तशा बोली काढा. चुकलात तर आणखी हसू.

सहावं, सगळ्यात लहानांसाठी: माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच, यशच्या गोष्टी, 'बाबांच्या मिश्या'. चित्रंही त्यांचीच. इथे शौर्य नाही, चोर नाहीत. आई कामाला जाते, आजी घोरते, पाहुणे येतात, मुलाला रुसायचं असतं. बाबांच्या मिश्या या एवढ्याशा विषयावर अख्खं पुस्तक उभं राहतं. मुलांच्या साध्या दिवसात गोष्ट आहे, तो दिवस सुधारण्याची गरज नाही, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी म्हटलं. २०१६ मध्ये पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला, तो त्यांनाच मिळाला. चार-पाच वर्षांचं मूल असेल तर यादीची सुरुवात इथून करा.

आणि एक पाहुणं पुस्तक, जपानहून आलेलं: 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागींनी १९८१ मध्ये लिहिलेल्या आपल्या बालपणाच्या आठवणी. चेतना सरदेशमुख गोसावींनी ते मराठीत आणलं, नॅशनल बुक ट्रस्टनं काढलंय, किमतीलाही परवडतं. पहिल्या शाळेनं काढून टाकलेली मुलगी रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते. तिचा बटवा संडासाच्या खड्ड्यात पडतो, तर ती सगळी घाण उपसून बाहेर ढीग लावते. मुख्याध्यापक तिथून जातात. ओरडत नाहीत, मदतही करत नाहीत. काम झालं की सगळं परत आत टाक, एवढंच सांगून पुढे निघतात. हा प्रसंग वाचून दाखवा आणि गप्प बसा. मुलं नाक दाबून हसतील, आणि मोठ्यांना जे कळायचं ते कळेल.

पैशांचा प्रश्न असेल तर 'किशोर'. बालभारतीनं १९७१ च्या नोव्हेंबरात हे मासिक सुरू केलं. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तिथे रविवारची दुपार घालवा, गोष्टी आपोआप सापडतील.

आता सुरुवातीच्या त्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. "काहीतरी शिकायला मिळालं पाहिजे." छत्र्यांच्या काळी याला कारण होतं. पुस्तकं थोडी, शाळा थोड्या, वाचणारं मूल म्हणजे हजारांत एखादं. आज आपली अडचण वेगळी आहे. कितीतरी मराठी घरांतली मुलं इंग्रजी शाळेत जातात. त्यांना मराठी समजतं, बोलता येतं, पण ओळ वाचायला बसली की दम लागतो. अशा मुलासमोर आपण मराठी पुस्तक ठेवतो आणि तेही संस्काराचं. म्हणजे आधीच अवघड भाषा, वर उपदेश. ते मूल इंग्रजी पुस्तकाकडे पळालं तर दोष कुणाला द्यायचा?

परकी भाषा शिकणाऱ्या कोणालाही विचारा. बातमी लवकर समजायला लागते, भांडणही समजतं. विनोद सगळ्यात शेवटी कळतो. ज्या भाषेत आपल्याला हसू फुटतं, ती आपल्या घरची झालेली असते. म्हणून मला वाटतं, मुलाला मराठीत हसवणं हेच आज मराठी शिकवणं आहे. त्याला अजून वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा. ओळीखाली बोट फिरवू नका, शब्दार्थ विचारू नका, आणि हात जोडून सांगतो, शेवटी तात्पर्य विचारू नका. ती अट काढायला आपल्या लेखकांना शंभर वर्षं लागली. आपण झोपायच्या वेळी ती परत नको लावूया.

आधी कुठलं घेऊ, असं कोणी विचारलं तर: चार ते सातसाठी राधा आणि यश, सात ते दहासाठी चिंगी, गोट्या आणि बोक्या, त्यापुढे फास्टर फेणे, तोत्तोचान आणि मिरासदार. श्याम कुठल्याही वयात, पण एका वेळी एकच रात्र.

तुमच्या घरात कुठल्या गोष्टीवर सगळे एकदम हसलात, ते मला जरूर कळवा. पुस्तकाचं नाव, मुलाचं वय आणि नेमकी जागा. भेटू पुढच्या भागात. तोवर वाचत राहा, मोठ्यानं.