दीक्षेचा दिवस आणि धर्मांतराच्या पिढ्या

धर्मांतराची तारीख सांगता येते. ते पुरे कधी झाले हे सांगता येत नाही. वसईच्या महाविद्यालयात शिकवू लागल्यापासून हा प्रश्न मला छळतो आहे.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेज्वीट मिशनरी आले. सत्तेचा धाक होता, सवलतींचे आमिष होते, काहींची मनापासूनची श्रद्धाही असेल. बाप्तिस्म्याने माणसाचे नाव बदलले, देव बदलला. जात तशीच राहिली. ब्राह्मण मूळ सांगणारे सामवेदी, क्षत्रिय मूळ सांगणारे वाडवळ, शिवाय कोळी, असे सारे ख्रिस्ती झाले. पण आपापली बोली, पेहराव आणि सोयरिकीची कुंपणे घेऊन. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांचा बेटीव्यवहार पिढ्यान्‌पिढ्या वेगळा राहिला.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. पोर्तुगिजांचे राज्य गेले, त्यांचा धाक आणि आमिषही गेले. तरीही गावेच्या गावे ख्रिस्तीच राहिली. माझ्या मते त्यांचे खरे धर्मांतर इथून सुरू झाले. पूर्वजांवर लादलेला म्हणा की त्यांनी घेतलेला म्हणा, तो धर्म आता त्यांचा स्वतःचा झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिन मागे पडून उपासना मराठीत आली. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले. श्रद्धा रुजली, भाषा रुजली. जातीची कुंपणे आता सैल होत आहेत, मोडलेली नाहीत.

कायद्याला हे मान्य नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिला. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात एका दिवसात धुऊन निघते! वसईचा इतिहास नेमकी उलट साक्ष देतो.

हे मी परक्याच्या घरात डोकावून लिहीत नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ साली. एवढ्या विचारानंतर टाकलेले ते पाऊल होते. माझ्या आज्याने दीक्षेनंतर घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. आजीने त्यातला एक टाक कणगीत लपवला होता. तो ती गेल्यावर सापडला आणि आम्ही शिकलेली नातवंडे हसलो. त्याच वर्षी बहिणीसाठी स्थळ आले, तेव्हा पहिला प्रश्न मीच विचारला : "तुमची पोटजात कोणती?" बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या. बहीण काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्यानंतर मला आजीला हसता आलेले नाही.

धर्मांतर किती झाले हे दीक्षा घेतलेल्यांच्या आकड्यावरून कळत नाही. घरात सोयरिकीची बोलणी सुरू होतात, तेव्हा कळते. वसईला ही परीक्षा साडेचारशे वर्षांहून अधिक काळ द्यावी लागली आहे. आपल्याला सत्तर वर्षे होत आली. तेवढा वेळ पुरे नाही, असे म्हणून आपण मोकळे होणार आहोत काय?