ॲमिनो अम्ले, प्रौढ श्वानांच्या आहारातील : गरजमापन

प्रथिने ज्या घटकांची बनलेली असतात त्या ॲमिनो अम्लांपैकी जी कुत्र्याच्या शरीराला स्वतः पुरेशी तयार करता येत नाहीत, ती आहारातून किमान किती मिळाली पाहिजेत हे प्रयोगाने ठरविण्याच्या पद्धतींना गरजमापन म्हणतात. अशी अत्यावश्यक ॲमिनो अम्ले दहा आहेत : आर्जिनीन, हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मेथिओनीन, फेनिलॲलनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. वाढत्या पिल्लांची गरज वजनवाढीवरून अजमावता येते. प्रौढ कुत्र्याचे वजन मात्र स्थिर असते आणि आहारातील उणीव शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून दीर्घकाळ झाकू शकते, म्हणून त्याच्या बाबतीत मापन अवघड ठरते.

नायट्रोजन संतुलन : जुन्या पद्धतीत खाद्यातून गेलेला आणि मलमूत्रावाटे बाहेर पडलेला नायट्रोजन मोजून दोहोंतील फरक काढतात. प्रत्येक आहारपातळीशी जनावराला जुळवून घेण्यास बरेच दिवस द्यावे लागतात. शिवाय केस व त्वचेवाटे होणारी घट सहसा मोजली जात नसल्यामुळे शरीरात राहिलेला नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा जास्त आणि गरज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. या पद्धतीची मर्यादा आर्जिनीनच्या उदाहरणात स्पष्ट होते. इलिनॉय विद्यापीठातील रोझ व राइस यांनी 1939 मध्ये आर्जिनीनविरहित आहारावरही प्रौढ कुत्र्यांचे संतुलन टिकते असे दाखविले होते. परंतु आर्जिनीन हे यकृतात अमोनियाचे यूरियात रूपांतर करणाऱ्या चक्राचा आवश्यक दुवा असल्यामुळे त्याच्या अभावी रक्तातील अमोनिया वाढतो, उलट्या होतात, लाळ गळते आणि स्नायूंना कंप सुटतो. त्याच विद्यापीठातून 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आर्जिनीन प्रौढ कुत्र्यांनाही अत्यावश्यक असल्याचे दाखविले. कोणते लक्षण मोजले यावर गरजेचा आकडा अवलंबून असतो, ही बाब तक्ते वाचताना नेहमी ध्यानात घ्यावी लागते.

सूचक ॲमिनो अम्लाचे ऑक्सिडीकरण : ही पद्धत आज अधिक विश्वासार्ह मानावी लागेल. एखादे ॲमिनो अम्ल आहारात अपुरे असेल तर इतर ॲमिनो अम्ले पुरेशी असूनही त्यांपासून प्रथिने बनू शकत नाहीत आणि ती जाळून टाकली जातात. म्हणून कार्बन-13 या किरणोत्सर्गी नसलेल्या समस्थानिकाने खूण केलेले फेनिलॲलनीन खाद्यातून देऊन, बंदिस्त कक्षात ठेवलेल्या कुत्र्याच्या उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये ती खूण किती उतरते हे पाहतात. दिवसाचे खाद्य लहान लहान घासांत विभागून दिल्याने चयापचय स्थिर राहतो, तर आहारात टायरोसीन मुबलक ठेवल्याने फेनिलॲलनीनचा त्या वाटेने होणारा वापर निकालात अडथळा आणत नाही. तपासावयाच्या अम्लाची मात्रा वाढत जाते तसे ऑक्सिडीकरण घटत जाते आणि एका बिंदूनंतर स्थिरावते. हा वळणबिंदू म्हणजे सरासरी गरज होय. बहुतेक कुत्र्यांना पुरेल असे प्रमाण हवे असल्यास त्या बिंदूच्या 95 टक्के विश्वासमर्यादेचे वरचे टोक घेतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात लॅब्रॅडॉर, बीगल आणि लघु डॅक्सहुंड या जातींवर लायसीन, ट्रिप्टोफॅन इत्यादींची गरज याच तत्त्वावर मोजण्यात आली. जातीनुसार दिसणाऱ्या फरकांचा अर्थ अद्याप निर्णायकपणे लावता येत नाही. मानवी आहाराच्या क्षेत्रात बंगळूरु येथील संशोधनाने याच तंत्राने भारतीय प्रौढांची लायसीनची गरज शरीरवजनाच्या दर किलोग्रॅमला रोज सुमारे 30 मिलिग्रॅम ठरविली, ही पूर्वी मानलेल्या 12 मिलिग्रॅमच्या अडीचपट आहे.

टॉरीन : वरील दहा अत्यावश्यक अम्लांत टॉरीन धरले जात नाही, कारण मेथिओनीन व सिस्टीनपासून कुत्रे ते बहुधा स्वतः बनवू शकते.

मानके : अमेरिकी 'आफ्को' मानकानुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात शुष्क भारावर किमान 18 टक्के प्रथिने, 0.63 टक्के लायसीन आणि 0.51 टक्के आर्जिनीन असावे लागते. युरोपीय 'फेडिआफ' मात्र चयापचयी वजनाच्या (वजनाच्या 0.75 घाताच्या) दर किलोग्रॅमला 110 आणि 95 किलोकॅलरी अशा दोन ऊर्जापातळ्यांसाठी निराळे आकडे देते, कारण कमी खाणाऱ्या घरगुती कुत्र्याला तेवढ्याच अम्लांसाठी अधिक सकस खाद्य लागते; त्यामुळे कमी ऊर्जेच्या पातळीवर प्रथिनांचे किमान प्रमाण 21 टक्के होते. गव्हात लायसीन कमी असल्यामुळे केवळ पोळीवर पोसलेल्या कुत्र्यासाठी हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. तयार खाद्य तापविताना शर्करेशी संयोग पावलेले लायसीन नेहमीच्या रासायनिक विश्लेषणात काही अंशी उपलब्ध म्हणून मोजले जाते, पण शरीराला ते वापरता येत नाही.