कंपनीची भाकरी

गिरगावातल्या चाळीत एखादे काका जिन्यातून उतरणाऱ्या पोरांना विचारतात, "काय कंपनी, आज कुठे स्वारी?" या कंपनीला भांडवल नसतं, भागधारक नसतात. चौपाटीवर निघालेली पाच-सहा टाळकी, एवढीच ती असते. तोच शब्द लोअर परळच्या काचेच्या इमारतीत गेला की महिन्याचा पगार देतो. "जरा कंपनी दे ना" म्हटलं की तो सोबत होतो, आणि 'नाना आणि कंपनी' असं नाक मुरडून म्हटलं की टोळकं. भायखळा-नागपाड्याकडे तर काही वर्षं ते गुंडांच्या टोळीचं नाव होतं, नुसतं 'कंपनी' म्हटलं तरी लोक आवाज खाली आणत.

इंग्रजीतून आपण समूहवाचक शब्द ढिगाने घेतले: क्लब, पार्टी, सोसायटी, युनियन, ग्रुप. पण कंपनीइतका कुणी मराठीत पाय पसरून बसला नाही, असं माझं मत. त्याची कुळकथा थेट भाकरीपाशी पोचते. लॅटिनमध्ये 'कम' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे भाकरी किंवा पाव. ज्याच्याबरोबर भाकरी खायची तो 'कंपानिओ'. फ्रँक टोळ्यांच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या कायद्यात अशाच सोबत्यांच्या जमावासाठी या कुळातला शब्द येतो. गॉथिक भाषेतही सोबत्याला नेमका याच साच्याचा, 'सह' आणि 'भाकरी' जोडून केलेला शब्द होता. त्यामुळे लॅटिन शब्द हा जर्मानिक शब्दाचीच नक्कल असावा, असं भाषाअभ्यासक मानतात. म्हणजे एकत्र मुलूखगिरी करणाऱ्या, एकाच शिदोरीवर जगणाऱ्या शिपायांच्या तोंडचा हा शब्द. फौजेतली कंपनी ही त्याची थोरली पाती. फ्रेंचमार्फत तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला, आणि व्यापाऱ्यांनी तो नंतर उचलला.

आता मुंबईची गंमत पाहा. पोर्तुगीज भाकरीला 'पांव' म्हणतात, तोही याच 'पानिस'चा वंशज. तो पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि 1960च्या दशकात दादर स्टेशनबाहेर बटाटावड्याच्या गळ्यात पडला. वडापावातला पाव आणि 'प्रायव्हेट लिमिटेड'मागची कंपनी ही एका आजीची नातवंडं. शिवाय पोर्तुगिजांनीच हे बेट आपल्या राजकन्येच्या, कॅथरिनच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिलं, आणि 27 मार्च 1668च्या सनदेने त्याने ते वर्षाला दहा पौंड सोन्याच्या बोलीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केलं. पाव आधी आला, कंपनी मागून.

ही कंपनी मात्र एका ताटात जेवणाऱ्यांची नव्हती. 31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, तेव्हा सुरुवातीला प्रत्येक सफरीपुरतं भांडवल जमवायचं आणि गलबत परतलं की नफा वाटून घ्यायचा, असा रिवाज होता. कायमचं सामाईक भांडवल 1657 नंतरचं. भाकरीच्या जागी भाग आला, आणि भागाची गंमत अशी की तो विकता येतो. ज्याच्याशी भागीदारी आहे त्याचं तोंडही पाहावं लागत नाही. मराठी कागदपत्रांतून या परक्या शब्दाचं 'कुंपणी', 'कुंपिणी' झालं आणि सत्तेला 'कुंपणी सरकार' म्हणू लागले. कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण असलेल्या भाषेत हे रूप रुळावं, हा योगायोग मला भलताच आवडतो. 1858 साली राणीचं राज्य आलं आणि कुंपणी सरकार गेलं, पण शब्द मुंबईतच राहिला.

तो मग घाऊक झाला. 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली. मुंबईतली ही पहिली कापडगिरणी. अमेरिकेत यादवी पेटून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा तर शहराला कंपन्यांचं वेडच लागलं. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि त्या कागदांचा पाचोळा झाला. तरी लालबाग-परळच्या माणसाच्या तोंडी या कारखान्यांना कंपनी हे नाव कधी बसलं नाही. तो 'गिरणीत' जायचा. कंपनी मालकाची, गिरणी आपली, असा काहीसा हिशेब असावा.

शब्दाचं मूळ ज्यांनी नकळत शोधून काढलं ते नाटकवाले. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते संस्थानिकांच्या आश्रयाने. आश्रय सुटला तसं त्यांनी आपला ताफा घेऊन फिरायला सुरुवात केली आणि 1853 साली ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. पुढच्या संस्थांनी पाटीवर 'मंडळी' लिहिलं: किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी. बोलताना मात्र सगळे कंपनीच म्हणत. "पोरगा नाटक कंपनीत पळून गेला," हे कित्येक घरांतलं दुःख होतं.

आणि कंपनी म्हणजे काय, तर आधी बिऱ्हाड. गावात वाडा भाड्याने घ्यायचा, पेटारे उतरवायचे, आचाऱ्याने चूल मांडायची. मालक, गवई, राजापार्टी, स्त्रीपार्टी, पडदे ओढणारे, तालमीची पोरं, सगळ्यांची उठबस एका छपराखाली. नव्या पोराला पगार नंतर, आधी जेवणखाण आणि कपडालत्ता. 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व कंपनी काढली. तिची पंगत तिच्या पदांइतकीच गाजली. कर्ज चढलं तरी वाढणाऱ्याचा हात आखडला नाही. हिशेबाच्या दृष्टीने ही कंपनी म्हणजे अनर्थच, पण शब्दाच्या मूळ अर्थाने तिच्याइतकी अस्सल कंपनी मुंबईने क्वचितच पाहिली असेल. 8 जुलै 1921ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन प्रतिस्पर्धी चुलींची माणसं त्या रात्री एका रंगमंचावर उभी राहिली.

दादरलाही अशी एक चूल पेटली होती. 1912 साली धुंडिराज गोविंद फाळक्यांनी दादर मेन रोडवरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र'चा घाट घातला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. दहा रुपयांचे पंधरा देऊ केल्यावर. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक तोंड वाकडं करतील, म्हणून "हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे" असं सांगा, असा फाळक्यांचा सल्ला होता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करत आणि रात्री फिल्मला भोकं पाडायलाही त्याच बसत. 3 मे 1913ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. नाव फाळक्यांचं झालं. कंपनी या शब्दातली भाकरी सरस्वतीबाईंनी थापली.

बोलपट आले आणि 1930च्या दशकात एकेक नाटक कंपनी बसली. पुढे कंत्राटी पद्धत आली आणि नटाच्या मोबदल्याला 'नाइट' हा शब्द पडला. शिवाजी मंदिरात प्रयोग संपवून, नाइट खिशात घालून नट आपापल्या घरी जेवायला जातो. यात वाईट काही नाही. त्या बिऱ्हाडांत पोरांचे हाल कमी होत नसत, हे जुन्या नटांच्या आठवणी वाचल्या तर कळतं. फक्त नाटक कंपनीतली कंपनी तेवढी गेली.

एका चुलीवरची कंपनी शोधायची तर मग गिरण्यांच्या वस्तीत, गिरणगावात जावं लागतं. तिथे एकेका खोलीत दहा-पंधरा माणसं आळीपाळीने झोपत आणि बहुतेक शेजारच्या खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. खानावळ चालवणारी बाई परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून पाळ्यांप्रमाणे भाकऱ्या बडवायची आणि संपात उधारीवर वाढायची. किराणा तिला सावकाराच्या व्याजाने घ्यावा लागे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 1982च्या संपानंतर गिरण्या मोडत गेल्या, गिऱ्हाईक पांगलं, तरी ती संघटना टिकली आणि कचेऱ्यांना जेवण पुरवू लागली. तिचं नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. कंपनी म्हणवून घेण्याचा तिच्याइतका हक्क कुणाचाच नव्हता, पण त्या बायकांनी मंडळ हाच शब्द पसंत केला.